जयंतीच्या संध्याकाळी उडालेला फेज

१४ एप्रिल २०२२. कोरोनाची बंधनं नुकतीच उठलेली, म्हणजे दोन वर्षांनंतरची पहिली मिरवणुकीची जयंती, त्यात रमजान चालू, आणि मी वायरमन म्हणून संध्याकाळच्या ड्युटीवर. नाशिकमधल्या वडाळ्याकडच्या एका वस्तीतून फोन आला, अर्धी लाईट गेलीय. जाऊन बघतो तर डीपीवरच्या, म्हणजे वस्तीला वीज वाटणाऱ्या पेटीतल्या, तीनपैकी एका फेजचा किटकॅट (फ्यूज बसवायचा चिनीमातीचा तुकडा) बेससकट जळालेला, चिनीमाती तडकलेली, जयंतीची सगळी लायटिंग त्याच फेजवर.

या डीपीवर मुख्य दोनच गल्ल्या, एक विहाराची, एक मशिदीची. बेस बदलायचा तर दोन्हीकडं अंधार होणार, पाऊण तास तरी, आणि इफ्तार सातच्या आसपास. पोटात गोळाच आला, अशा वेळी लोक वायरमनलाच धरतात.

जयंतीवाली पोरं म्हणाली, दादा आमची लायटिंग काढून टाका, राहिलेल्या फेजवर मशिदीचं चालू राहू द्या, काम इफ्तारनंतर करा. तेवढ्यात पलीकडचे चाचा आले, ते ऐकायलाच तयार नाहीत, "आत्ता बंद कर भाऊ, रोजा आम्ही बॅटरीवर सोडू, बाबासाहेबांची मिरवणूक अंधारात नाही निघायची." दोघंही हटेनात. शेवटी विहारातल्या एक आजी पोरांवर ओरडल्या, "अरे डीजेच्या गाडीवर जनरेटर हाय ना, त्याची वायर मशिदीच्या मोटारीला लावा, वजूला पाणी नको का त्यांना?"

मग मिरवणूक थांबली आणि जनरेटर मशिदीकडं गेला.

मी स्विच पाडून कामाला लागलो. बाजूलाच मुस्लिम पोरांनी मिरवणुकीसाठी सरबताचं टेबल लावलेलं. एक पोरगा, ओठ सुकून पांढरे पडलेले, बर्फ फोडून निळे फेटेवाल्यांना ग्लास भरून देत होता, स्वतः थेंब नाही. मला बॅटरी धरून उभे असलेले आजोबा म्हणाले, हे आजचं नाही बाळा, १९२७ ला महाडला डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली होती. या आजोबांचे वडील इथल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते, १९३० च्या, त्यामुळं या गोष्टी त्यांच्या घरातल्याच.

लाईट आली तेव्हा रोजा सुटून गेला होता, चाचांनी फेटेवाल्या पोरांच्या आणि माझ्याही हातात खजूर ठेवले. मिरवणूक निघाली, मशिदीसमोर डीजे बंद, कोणी सांगायला गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कम्प्लेंट नसताना परत गेलो आणि दोन्ही गल्ल्यांचा लोड तिन्ही फेजवर नीट वाटून दिला, कारण २०२३ ची जयंतीही रमजानातच येणार होती.