आठांपैकी सहावी डिस्क

एका डिझायनरने डायच्या ड्रॉइंगवर चुकून जुनी आवृत्ती सेव्ह केली आणि आदल्या रात्रीची प्रत मागितली. ती प्रत नव्हतीच. त्याच्या आदल्या रात्रीची होती. भोसरी एमआयडीसीतल्या या टूल-डिझाइन कंपनीत बॅकअप रात्री अकराला सुरू होतो आणि सकाळच्या शिफ्टआधी संपतो, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात तो दुसऱ्या रात्रीपर्यंत रेंगाळत होता. पुढचा बॅकअप सुरू व्हायला गेला की लॉक फाइल (आधीचं काम चालू असल्याची खूण) पाहून स्क्रिप्ट मुकाट्याने बाहेर पडायची. ईमेल नाही, अलार्म नाही. रोजचा बॅकअप दिवसाआड झाला होता आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवं होतं.

सर्व्हर साधाच आहे: डेबियन लिनक्स, चार टीबीच्या आठ डिस्क, त्या एकत्र बांधून दोन बिघडल्या तरी डेटा वाचवणारं लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड ६, वर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम. दोन डिस्कची जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा काढायच्या हिशेबाला, जाते, चोवीस टीबी हाताशी राहतात. बॅकअप आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने, न बदललेल्या फाइलींची पुन्हा प्रत न करता जुन्या प्रतीकडे हार्डलिंक ठेवून. लोड, म्हणजे ताटकळलेल्या कामांचा आकडा, चाळीसच्या वर होता, पण सीपीयू निवांत. लिनक्समध्ये डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. त्यामुळे आकडा पाहून ‘प्रोसेसर कमी पडतोय, सर्व्हर बदला’ म्हणणारे लोक भेटतातच. इथेही भेटले.

नेटवर्क, भरलेली डिस्क, महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होणारी रेडची तपासणी, हे सगळं झटपट बाद झालं.

देखभालीचा करार असलेल्या व्हेंडरचा इंजिनिअर आला. त्याने डीडी या कमांडने एक जीबीची फाइल लिहून दाखवली. ‘‘सर, बघा ना, स्पीड उत्तम आहे.’’ सर्व्हरला चौसष्ट जीबी रॅम आहे. ती फाइल रॅममध्येच पडली होती, डिस्कला तिचा पत्ताही नव्हता. अशा चाचणीवर तक्रारीचं तिकीट बंद करणारे लोक या धंद्यात फार आहेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. मी रॅममधल्या या कॅशला बगल देऊन पुन्हा लिहायला लावलं. तरीही वेग चांगलाच आला! त्याचं कारण मला नंतर कळलं.

रात्री बॅकअप चालू असताना आयोस्टॅट लावून बसलो, प्रत्येक डिस्कचा वेगळा हिशेब दाखवायला सांगून. पहिला बराच वेळ आठही डिस्क सारख्या चालत होत्या. मग एसडीएफ, म्हणजे सहावी, शंभर टक्के व्यग्र झाली आणि तशीच राहिली. तिला एकेक लिखाण उरकायला सेकंदापेक्षा जास्त लागत होतं. बाकी सात जवळपास मोकळ्या. रेडमध्ये बहुतेक लिखाण पॅरिटीसकट सगळीकडे पसरतं, त्यामुळे सात चांगल्या डिस्क त्या एकीच्या तोंडाकडे पाहत बसल्या होत्या.

स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो, अहवाल मात्र स्वच्छ. पास. बदललेले सेक्टर शून्य, प्रलंबित सेक्टर शून्य, केबलच्या चुका शून्य. सर्व्हर बंद करून तिचा स्लॉट बदलला, तर मंदपणा तिच्याबरोबर गेला. मग मी एचडीपार्मने तिची सगळी माहिती काढून ओळ न् ओळ वाचली. एका ओळीत होतं: ट्रिम सपोर्टेड. ट्रिम ही एसएसडीची आज्ञा, कुठले ब्लॉक मोकळे झाले हे सांगायची. फिरत्या तबकडीच्या डिस्कला ती कशाला हवी? शेजारच्या सात डिस्कमध्ये ती ओळ नव्हती.

म्हणजे ही एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) होती. वाचणाऱ्या हेडला अरुंद पट्टी पुरते, लिहिणाऱ्याला रुंद लागते. म्हणून या डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवतात, तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो. पण मधलं कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची उचलावी लागतात. डिस्कही पूर्ण पट्टा वाचून पुन्हा लिहिते. म्हणून कुठले ब्लॉक मोकळे हे तिलाही कळलेलं बरं. हे बाहेर दिसू नये म्हणून एक साधा भाग राखून ठेवलेला असतो. नवा डेटा आधी तिथे पडतो आणि डिस्कला उसंत मिळाली की आत सरकवला जातो. दिवसा थोडक्यात केलेली चाचणी त्या राखीव भागातच आटोपते. रात्रभर हार्डलिंकची लाखो बारीक, विखुरलेली लिखाणं सुरू झाली की तो भाग भरतो आणि वेग कोसळतो. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, यातलं काही कळत नाही, कारण डिस्क स्वतःची ओळख साधी म्हणूनच देते.

मग ती आली कुठून? तिकीट प्रणालीत एकच ओळ: ‘डिस्क बदलली, समस्या सुटली.’ उत्तर सापडलं स्टोअर्समधल्या काकांच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये. गेलेल्या आणि आलेल्या डिस्कचा पूर्ण मॉडेल नंबर त्यांनी निळ्या शाईत उतरवला होता. ब्रँड तोच, मालिका तीच, क्षमता तीच. फक्त शेवटची अक्षरं वेगळी. ‘‘अहो, नंबर लिहायचा तर पुरता लिहायला नको का?’’ काका म्हणाले. आमच्या कुठल्याही सॉफ्टवेअरने हे काम केलं नव्हतं.

व्हेंडर खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्याच्या वितरकाच्या बिलातही फक्त ‘चार टीबी’ होतं. पण एनएएससाठी (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं २०२० च्या एप्रिलमध्येच उघड झालं आणि कंपन्यांना मॉडेलवार याद्या जाहीर कराव्या लागल्या. रेडच्या डिस्क बदलून पोट भरणाऱ्याने ती यादी पाहायलाच हवी.

बदलताना मी जुनी डिस्क आधी उपटली नाही. मोकळ्या स्लॉटमध्ये साधी डिस्क लावून, रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएमचा रिप्लेस पर्याय दिला. त्यात पॅरिटीवरून सगळं पुन्हा उभारत नाहीत. जुन्या डिस्कवरून थेट नवीवर प्रत होते आणि तोवर रेडचं संरक्षण शाबूत राहतं. असं सलग वाचायला एसएमआर सहसा मंद नसते. रात्रीतून काम झालं. बॅकअप आता पहाटे संपतो, आणि लॉक दिसला तर स्क्रिप्ट मला ईमेल करते.

ती काढलेली डिस्क व्हेंडर घेऊन गेला. ती सदोष नाही, त्यामुळे त्याच्या स्पेअरच्या साठ्यात परत जाईल आणि उद्या कुणाच्या तरी रेडमध्ये बसेल. करारात मी एक अट घालायला सांगितली आहे: स्पेअर डिस्कचा पूर्ण मॉडेल नंबर आणि लिखाणाचा प्रकार आधी लेखी कळवायचा. भाव वाढेल म्हणून पर्चेस विभागाने ती अजून अडवून ठेवली आहे.