बूच वर आलेल्या बाटल्या

लोअर परळच्या एका रेस्टॉरंटात मी वाइनचं काम बघतो. मे महिन्यातली शनिवारची रात्र. आठ नंबरच्या टेबलावर दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीची शिराझ ही रेड वाइन उघडायला घेतली. फॉइल कापलं आणि हात थांबला. बूच जरासं वर आलेलं, कडेला सुकलेला चिकट लाल ओघळ. या शिराझला काळ्या मिरीचा, पिकल्या जांभळाचा वास असतो. आता येत होता तो करपलेल्या मुरंब्याचा. वाइन तापली की फुगते, बुचाला वर ढकलते; निवली की आकसते आणि हवा आत ओढते. त्याच खोक्यातल्या आणखी पाच बाटल्या तशाच निघाल्या.

टेबलावर मी सांगून टाकलं, "सॉरी सर, हा लॉटच खराब आलाय."

या शिराझची तोडणी मी पाहिली आहे. सप्टेंबरात फळासाठीची गोडी छाटणी, फेब्रुवारीत तोडणी, तीही ऊन चढायच्या आत. रसातली साखर 24 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) यावी म्हणून वायनरीवाल्या काकांनी वेलीवरचे कितीतरी घड आधीच काढून टाकले होते. एवढा माल गेला म्हणून शेजारचे बागायतदार हळहळले. खायच्या द्राक्षाचा मणी टपोरा लागतो. वाइनला बारीकच बरा. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. आंबताना साली वर तरंगतात, त्या काका दिवसातून तीनदा हाताने खाली दाबतात.

रविवारी गेटचं रजिस्टर काढलं. हा माल आला त्या दिवशी टेम्पो आत आला 11:40 ला, स्टोअरमध्ये माल चढला 4:30 ला. मधला सगळा वेळ खोकी पत्र्याच्या बंद टेम्पोत, उन्हात. लोणी आलं असतं तर पाच मिनिटांत कोल्ड रूममध्ये गेलं असतं. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ची, तिला काय होतंय, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. युरोपातल्या जुन्या घरांतली खोली 16-18 अंशांची असायची, मुंबईतली मे महिन्यातली नव्हे.

खरेदी विभागाने डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापण्याची चिठ्ठी, वायनरीच्या नावाने काढली. कारण: 'उत्पादन दोष'. खाली सही माझी हवी.

सोमवारी काकांचा फोन आला. "दादा, बुचात खोट होती का? पुढच्या भरणीला बूच बदलतो."

"काका, बूच बदलू नका," म्हटलं आणि रजिस्टरमधल्या दोन्ही वेळा वाचून दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

'उत्पादन दोष' खोडून त्याच वेळा मी नोटवर लिहिल्या आणि मग सही केली. आठ नंबरचे ते गृहस्थ काल परत आले होते. दिंडोरीची नको म्हणाले.