न्यू हॅम्पशायरच्या थंडीत धुरांड्याची ओढ

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतीत विटांची फायरप्लेस हमखास असते. घर बघायला आलेल्या आपल्या माणसांना ती फार आवडते. वरच्या फळीवर गणपती कुठे, आजी-आजोबांचे फोटो कुठे, हे तिथेच उभ्या उभ्या ठरतं. पण उघडी फायरप्लेस घर गरम करायला फारशी कामाची नाही. लाकडाची बहुतेक उष्णता धुराबरोबर वर निघून जाते. शिवाय जळण्यासाठी ती खोलीतलीच गरम हवा ओढते आणि तेवढीच बर्फासारखी हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून आत येते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोल्या आणखी गारठतात.

म्हणून इथले लोक त्या कोनाड्यात इन्सर्ट बसवतात. इन्सर्ट म्हणजे काचेचं दार असलेली बिडाची किंवा पोलादाची बंद शेगडी. आत येणारी हवा एका दांड्याने कमी-जास्त करता येते, दार घट्ट बसतं आणि तीच लाकडं कितीतरी जास्त वेळ आणि जास्त ऊब देतात. आम्ही राहतो त्या न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागात ही चैन नाही. डिसेंबर 2008 मध्ये इथे गोठणारा पाऊस पडला, झाडांच्या फांद्या बर्फाच्या वजनाने तारांवर कोसळल्या आणि राज्यातल्या 4 लाखांहून अधिक घरांची-दुकानांची वीज गेली. काही ठिकाणी ती परत यायला दोन आठवडे लागले. वीज नसेल तर तेलाचा किंवा गॅसचा बॉयलरही बंद. शेजारपाजारचे लोक त्या वादळाबद्दल अजून बोलतात, आणि बोलणं शेवटी ‘कोणाकडे लाकडाची शेगडी होती’ यावर येतं.

दुकानात गेलं की सगळी चर्चा इन्सर्टची होते: काच केवढी, पंखा आहे का, किती चौरस फुटांना पुरेल. धुरांड्याबद्दल कोणी विचारत नाही. खरं तर इन्सर्ट हे निम्मंच यंत्र आहे. उरलेलं निम्मं छतावर उभं असतं, आणि ओढ तिथून येते.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना ही ओढ समजावून सांगायची गरज नाही. बंबाची मधली नळी गार असताना ढलप्या पेटवल्या की धूर खालूनच बाहेर येतो, डोळे चुरचुरतात. नळी एकदा तापली की जाळ आपोआप वर खेचला जातो, घुं असा आवाजही येतो. इथल्या सात-आठ मीटर उंच धुरांड्यात हेच घडतं. आतली हवा तापली की हलकी होते, बाहेरची थंड हवा जड असते, आणि वजनातला हा फरक धुराला वर ढकलतो. नळी जितकी उंच आणि आत-बाहेरच्या तापमानातलं अंतर जितकं जास्त, तितकी ओढ जास्त. उणे 15 अंशांच्या रात्री इन्सर्ट झकास जळतं. एप्रिलमधल्या 12 अंशांच्या ढगाळ दुपारी तेच कुरकुरतं.

ही ओढ फार नाजूक असते. लाकडाच्या शेगडीला साधारण 12 ते 15 पास्कल ओढ लागते. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या थोडा वर असतो, म्हणजे आपण त्याच्या सात-आठ हजाराव्या भागावर विसंबून घरात विस्तव ठेवतो. एवढीशी ओढ मोडायला स्वयंपाकघरातला पंखा पुरतो.

आपल्या घरांत हे जास्त घडतं, कारण आपल्याकडे फोडणी होते. मोहरी तडतडायला लागली, मिरच्या पडल्या की ओट्यावरचा हूड पूर्ण जोरात सुरू होतो, नाहीतर धुराचा गजर घर डोक्यावर घेतो. तो हूड मिनिटाला शेकडो घनफूट हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा आत यायला हवी. अलीकडे घरं फोम भरून, दुहेरी काचा लावून इतकी घट्ट केलेली असतात की हवेला वाट उरत नाही. मग ती सगळ्यांत सोप्या वाटेने येते, म्हणजे धुरांड्यातून खाली. न्हाणीघरातला पंखा आणि कपडे वाळवायचं यंत्र तेव्हाच चालू असेल तर बघायलाच नको. अमेरिकेच्या निवासी इमारत नियमांत मिनिटाला 400 घनफुटांहून मोठा हूड असेल तर बाहेरची हवा आत आणण्याची सोय करा असं म्हटलं आहे, ते याचसाठी. आमच्याकडे साधा नेम आहे: इन्सर्ट पेटवताना हूड बंद, आणि फोडणी द्यायचीच असेल तर स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं उघडी. थंडीत खिडकी उघडायची म्हटलं की पाहुणे कुरकुरतात. तरी उघडायचीच.

याहून चकवणारी गोष्ट अशी की घर स्वतःच एक धुरांडं असतं. हिवाळ्यात घरभर गरम हवा वर चढते, माळ्याच्या फटींतून, वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून बाहेर पडते, आणि तळमजल्यावर ओढ निर्माण होते. आता इथल्या घरांची एक नेहमीची रचना बघा: मूळ घर दुमजली, मागे नंतर जोडलेली एकमजली बैठकीची खोली, आणि त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला टेकून उभं केलेलं बुटकं धुरांडं. उंचीत घर जिंकतं. घराची ओढ धुरांड्याच्या ओढीपेक्षा जास्त होते आणि शेगडी विझलेली असताना धुरांड्यातून थंड हवा खाली वाहते. राखेचा कुबट वास येतो. काडी लावली की सगळा धूर खोलीत. लोक म्हणतात इन्सर्ट खराब निघालं, आणि दुकानदाराशी भांडतात. वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी बंद केली आणि माळ्याच्या फटी बुजवल्या तर पुष्कळदा अर्धं दुखणं तिथेच बरं होतं.

जुन्या लोकांना हे कळत होतं. इथली सतराव्या-अठराव्या शतकातली लाकडी घरं पाहिली तर विटांचं भलंमोठं धुरांडं बरोबर घराच्या मधोमध असतं आणि छताच्या कण्यावर बाहेर पडतं. ते चारी बाजूंनी ऊबेत राहतं, गार पडत नाही, आणि घराच्या सगळ्यांत उंच जागी संपतं. पुढे धुरांडी बाहेरच्या भिंतीला गेली, तीन बाजूंनी वाऱ्यात आणि बर्फात उभी राहिली, आणि धुराच्या तक्रारी त्यांच्याबरोबर आल्या.

धुरांड्यांचा सगळ्यांत मोठा वैद्य याच मुलखातला. बेंजामिन थॉम्पसन 1753 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वोबर्नमध्ये जन्मला आणि लग्न करून न्यू हॅम्पशायरच्या कॉन्कर्ड गावात राहिला. त्या गावाचं आधीचं नाव रम्फर्ड. अमेरिकन क्रांतीत त्याने इंग्लंडच्या राजाची बाजू घेतली, म्हणून त्याला पळावं लागलं. युरोपात सरदारकी मिळाली तेव्हा त्याने तेच नाव घेतलं: काउंट रम्फर्ड. 1796 मध्ये त्याने फायरप्लेसवर निबंध लिहिला. फायरप्लेस उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे ऊब खोलीत फेकली जाईल, आणि धुराचा घसा अरुंद करा म्हणजे धूर वेगाने वर जाईल. लंडनमधल्या कितीतरी घरांची धुरकट धुरांडी त्याच्या पद्धतीने सुधारली. रुंद वाट म्हणजे चांगली वाट, या समजुतीला त्याने दिलेला धक्का मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण इन्सर्ट बसवताना लोक तिथेच फसतात.

जुनं धुरांडं उघड्या फायरप्लेससाठी बांधलेलं असतं. आत भाजक्या मातीची चौकोनी नळी, दहा बाय दहा इंचांच्या आसपास, म्हणजे शंभर चौरस इंच. इन्सर्टच्या धूर सोडणाऱ्या तोंडाचा व्यास सहा इंच, म्हणजे जेमतेम 28 चौरस इंच. इन्सर्ट कमी हवेवर जळतं, त्यामुळे त्याचा धूरही थोडा आणि थंड. तो त्या भल्यामोठ्या नळीत शिरला की रेंगाळतो, गार होतो, ओढ मंदावते. धूर 120 अंशांच्या खाली गेला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं भिंतीला चिकटतात. हे क्रिओसोट. आधी भुसभुशीत काजळीसारखं, मग खपल्यांसारखं, आणि शेवटी काळ्या काचेसारखा थर, जो ब्रशने निघत नाही. हा थर पेटला तर धुरांड्यात हजार अंशांच्या वर आग जाते, मातीच्या नळ्या तडकतात आणि भेगांतून आग घराच्या लाकडी सांगाड्याला लागू शकते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत हजारो इन्सर्टं नुसती कोनाड्यात सरकवून दिली गेली, वर काही न जोडता. अशी घरं अजून विकायला येतात. आज योग्य पद्धत एकच मानली जाते: इन्सर्टच्या तोंडापासून छताच्या टोकापर्यंत सहा इंचांचा स्टेनलेस स्टीलचा अखंड लायनर, म्हणजे धुरांड्याच्या आत सोडलेली नळी. बाहेरच्या भिंतीवरच्या धुरांड्यात त्याला सिरॅमिक लोकरीचं अर्ध्या इंचाचं पांघरूण हवंच. शिवाय जुन्या डॅम्परच्या, म्हणजे धुराची वाट बंद करायच्या झडपेच्या, जागी पत्रा ठोकून वरची पोकळी बंद करायची, म्हणजे शेगडीची ऊब विटांमागे जाऊन वाया जात नाही. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या 211 क्रमांकाच्या मानकानुसार नळीचं क्षेत्रफळ शेगडीच्या तोंडाच्या तिपटीहून जास्त नसावं, आणि धुरांडं बाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीहून जास्त नसावं. 28 आणि शंभर हे आकडे त्यात कुठेच बसत नाहीत. लायनरचा खर्च कधी कधी इन्सर्टच्या जवळपास जातो. तिथे काटकसर करू नका. साधं इन्सर्ट घ्या, पण लायनर पूर्ण घाला.

छतावरच्या उंचीचा नियम इथले धुरांडेवाले तोंडपाठ म्हणतात: धुरांडं छतातून बाहेर पडतं तिथून किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच. नाहीतर छतावरून वळणारा वारा धूर परत खाली दाबतो.

साताऱ्याहून आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न असतो, “धूर बाहेर जातोय ना गं नीट? आणि लाकडं वाळलेली आहेत का?” चुलीवर उभा जन्म काढलेल्या बाईचा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच नेमका आहे. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःचं पाणी उडवण्यात जाते आणि धूर पुरेसा गरम होत नाही. चांगल्या जळणात ओलावा 20 टक्क्यांहून कमी हवा. तो मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ओंडका फोडून ताज्या आतल्या बाजूला टोचायचं, वरच्या सालीला नाही. लाकूड इथे कॉर्डने विकतात, चार फूट बाय चार फूट बाय आठ फूट रचलेला ढीग, 128 घनफूट. मेपल आणि बर्च फोडून उघड्यावर रचलं तर वर्षभरात तयार होतं, ओकला दोन वर्षं लागतात. ‘वाळलेलं’ म्हणून विकलेलं ओक पुष्कळदा ओलं निघतं, म्हणून पुढच्या वर्षीचं यंदाच घ्यावं. दुसऱ्या गावाहून लाकूड आणू नये असंही सांगतात, कारण त्यातून अ‍ॅश झाडं मारणारी हिरवी कीड पसरते.

पेटवताना आम्ही मोठी लाकडं खाली, बारीक वर, आणि ढलप्या अगदी वर ठेवतो. आग वरून खाली उतरते, त्यामुळे नळी पहिल्या काही मिनिटांतच तापते. फार गार दिवशी वर्तमानपत्राची एक घडी आधी शेगडीच्या छताजवळ जाळायची, म्हणजे नळीत बसलेला थंड हवेचा बोळा निघतो. रात्री हवा अगदी कोंडून आग धुमसत ठेवायचा मोह होतो, सकाळी निखारे मिळावेत म्हणून. तो टाळावा. क्रिओसोट सगळ्यांत जास्त तिथेच जमतं, आणि मंद निखाऱ्यांच्या वेळी ओढ उलटली तर कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसांच्या खोलीत येतो. त्याला ना रंग, ना वास. झोपायच्या खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा गजर हवा, आणि दर महिन्याला बटण दाबून तो वाजतो का ते बघायला हवं.

आपल्यापैकी कोणी इकडे घर घेत असेल तर करारावर सही करायच्या आधी धुरांड्याची दुसऱ्या पातळीची तपासणी मागा. तीत नळीत कॅमेरा सोडून वरपासून खालपर्यंत चित्रण करतात. घर विकताना आणि शेगडी बदलताना तीच करावी असं मानक सांगतं. घराची नेहमीची पाहणी करणारा माणूस धुरांड्यात खालून टॉर्च मारून बघतो, त्यावर थांबू नका. चित्रफीत स्वतः बघा, नळीत भेगा आहेत का आणि इन्सर्टला लायनर कुठपर्यंत जोडला आहे ते विचारा. ‘जोडलेलाच नाही’ असं उत्तर आलं तर लायनरच्या किमतीचा अंदाज घेऊन तेवढे पैसे घराच्या किमतीतून कमी करायला सांगा.