पोटातला पेसमेकर: डबीपेक्षा वायरीकडे बघा

जन्मतःच पूर्ण हार्ट ब्लॉक (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणं) असलेल्या तान्ह्या बाळाला पेसमेकर लागला, तर त्याची बॅटरी असलेली डबी सहसा पोटाच्या भिंतीत ठेवतात. कॉलरबोनखाली तेवढी जागाच नसते, आणि इतक्या बारीक शिरेतून लीड (डबीपासून हृदयापर्यंत जाणारी वायर) घातली तर शीर पुढे बंद पडण्याची भीती. म्हणून लीडचं टोक हृदयावर बाहेरून शिवायचं, वायर खाली आणायची आणि डबी पोटाच्या उभ्या स्नायूमागे बसवायची. 1958 साली स्टॉकहोमला आर्ने लार्सन या रुग्णाला शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकरही पोटातच होता. काही तासांत बंद पडला.

आज डबी टिकते, दगा देते ती वायर. श्वासागणिक वाकते, मूल उंच होतं तशी ताणली जाते. इम्पीडन्स (वायरीतल्या प्रवाहाला होणारा विरोध) एकदम 2000-3000 ओहमच्या वर उडाला तर आतली तार तुटली समजा. 200च्या खाली आला तर वरचं आवरण गेलं. इम्पीडन्स जागेवर आणि थ्रेशोल्ड (ठोका पाडायला लागणारी किमान वीज) मात्र चढतोय, तर बहुधा टोकाखाली भरलेल्या जखमेचा व्रण जाड झालाय. टोकाशी स्टेरॉइड सोडणाऱ्या लीडनी हे कमी झालं, संपलं नाही. आउटपुट (डबी सोडते ती वीज) वाढवून वेळ निभावते, पण बॅटरी लवकर खाली येते.

खरी धास्ती वेढ्याची. मूल वाढणार म्हणून वायर जास्तीची सोडतात. तो वेढा हृदयाला मागून-खालून घालून गेला असेल, तर वाढतं हृदय त्यात आवळलं जातं, कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी) दबते. पेसिंगचे आकडे तेव्हाही झकास असू शकतात! नुसत्या समोरच्या एक्स-रेवर विसंबू नका. बाजूनेही काढा आणि जुन्या फिल्मशेजारी धरून बघा. शंका आली, किंवा मूल छातीत दुखतंय म्हणालं, चक्कर येऊन पडलं, तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन).

डबीही सरकते. नाभीच्या खाली काही अंतरावर स्नायूमागचं जाड अस्तर संपतं, पुढे फक्त पातळ पडदा आणि पेरिटोनियम (पोटाच्या पोकळीचं आतलं अस्तर). डबी ठेवलेला खिसा तिथवर उतरला की डबी पोकळीत घसरू शकते. हाताला लागायची ती लागत नाही, वर उलट्या, पोट फुगलेलं: आधी पोटाचा एक्स-रे.

खिसा लाल होऊन सुजला तर सुई घालून पाणी काढू नका, जंतू नसतील तर आपणच आत नेऊ. खिशात जंतुसंसर्ग ठरलाच तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, डबी काढावीच लागते. वायर कापून आत ठेवली असेल, तर तसं फाइलवर ठळक लिहा. पुढे एमआरआयच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.