कोटेशन मी खालून वाचतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतो, बारावीच्या निकालानंतर आणि दिवाळीच्या तोंडावर जरा जास्तच. व्हॉट्सअॅपवर दुकानाच्या कोटेशनचा फोटो आणि खाली एक ओळ: "काका, गेमिंगचा पीसी असेंबल करून घेतोय. पार्ट बरोबर आहेत का, बघता का जरा?"

मी इंजिनिअर नाही. इंदूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. पंचवीस वर्षं व्हाउचरं तपासून एक खोड लागली आहे. मोठ्या रकमा मी शेवटी बघतो, आधी 'किरकोळ' या सदरात काय दडलंय ते बघतो. कोटेशनही तसंच, खालून वर वाचतो.

वरच्या दोन ओळी ठरलेल्या असतात: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, पूर्ण नाव आणि मॉडेल नंबरासकट. पोरानं चार महिने व्हिडिओ बघून तेवढं पाठ केलेलं असतं आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं, त्यामुळे तिथं सहसा गडबड होत नाही. खाली उतरावं तशी नावं गळायला लागतात. 'रॅम १६ जीबी'. एक स्टिक की दोन? 'एसएसडी ५१२'. ही साठवणीची डिस्क कुठल्या कंपनीची? आणि तळाशी 'एसएमपीएस ५०० वॉट', म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. संपलं. घासाघीस करून जे दोन-तीन हजार 'कमी करून दिले', ते बहुतेक इथूनच निघालेले असतात.

मागच्या महिन्यात आमच्या गणेश मंडळातल्या एक वहिनी मुलाला घेऊन घरी आल्या. राहतात सुदामा नगरात. पोरानं आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल आणि जेल रोड दोन्ही पालथे घालून कोटेशनं जमवली होती, त्यातलं सगळ्यात स्वस्त वर ठेवलेलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० कार्ड, ए५२० मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड), रॅम, एसएसडी, चार रंगीत पंख्यांचा कॅबिनेट, एसएमपीएस ५०० वॉट.

मी त्याला आधी विचारलं, "मॉनिटर कोणता?"

"तो है ना काका, बाबांचा. ऑफिसवाला."

म्हणजे फुल एचडी, ६० हर्ट्झ. हा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवणार, कार्डानं दीडशे केली तरी. व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोराला त्याच पैशात जरा हलकं कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर जास्त सुख देईल. पार्ट चांगले की वाईट हे एकेकटे बघून सांगताच येत नाही, काय खेळणार आणि कशावर बघणार हे आधी कळायला हवं. एका ओळखीच्या गृहस्थांकडे तर १४४ चा मॉनिटर होता आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये तो दीड वर्ष ६० वरच होता. मी तो बदलून दिल्यावर ते बराच वेळ नुसता माउस गोल गोल फिरवत बसले.

प्रोसेसर-कार्डाची जोडी मात्र त्या पोरानं झकास निवडली होती. "बॉटलनेक होईल का?", म्हणजे एकापायी दुसरा अडेल का, हे त्यानं विचारलंच, सगळेच विचारतात. काही वेबसाइटी त्याचा टक्का काढून देतात. तो टक्का मी पत्रिकेतल्या गुणांइतकाच गंभीरपणे घेतो. एकच जोडी एका खेळात प्रोसेसरपाशी अडते, दुसऱ्यात कार्डापाशी. मदरबोर्डाबद्दल मात्र बोललो. ४०६० हे कार्ड आठच लेनवर, म्हणजे डेटा ये-जा करण्याच्या आठच वाटांवर, चालतं आणि ए५२० वर त्या लेन जुन्या ३.० पिढीच्या वेगाच्या. बी५५० घेतला की ४.० मिळतात. एरवी फरक किरकोळ, पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की जड खेळात झटके बसतात ते तिथं.

मग मी कपाटातून माझा जुना एसएमपीएस काढला.

हा मी मुद्दाम ठेवलाय. २०१९ च्या मे महिन्यात, भर दुपारी, मुलगा खेळत असताना याच्यातून फटाक्यासारखा आवाज आला आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. स्वतः गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, लाइट वर-खाली झाली असेल, वॉरंटीत बसत नाही. त्याचं कोटेशन माझ्याकडे होतं. एसएमपीएसपुढं कंपनीचं नावच नव्हतं, तर वॉरंटी मागायची कुणाकडे? दुसऱ्यांची व्हाउचरं तपासणारा मी, आपल्याच बिलात हे सोडलं होतं.

पोराच्या हातात तो डबा दिला. "हलका आहे," तो म्हणाला. वजनावरून निकाल देऊ नये, पण खूण वाईट नाही. मग लेबल वाचायला लावलं. समोर मोठ्या अक्षरात ५०० वॉट. बाजूच्या बारीक तक्त्यात अधिक १२ व्होल्टच्या खाली १८ अँपिअर.

"गुणाकार कर."

त्यानं मोबाइलवर केला. २१६.

"पाचशे कुठं गेले?"

५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी मिळवल्या आणि उरलेलं छापखान्यात छापलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जेवतात ते १२ व्होल्टच्या ताटात. ४०६० ला ११५ वॉट, ५६०० ला भर पडला की ७५ च्या आसपास, पंखे, डिस्क, बोर्ड वेगळे. त्या २१६ मध्ये ओढाताणच. उलट चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॉट. लेबलवरचा '८० प्लस' शिक्का विजेतली किती उष्णतेत वाया जाते तेवढंच सांगतो, डबा जाताना सोबत कुणाला नेणार नाही याची हमी तो देत नाही. तरी तो नसलेला डबा मी घेऊ देत नाही.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "घरात यूपीएस आहे ना, मग काय होतं?" त्यांचा ६०० व्हीएचा आहे, म्हणजे वॉट ३६०. मॉनिटर धरून हा पीसी त्यात कसाबसा बसेल, पुढं मोठं कार्ड लावलं की लाइट जाताक्षणी यूपीएसही मान टाकेल.

रॅमचं चटकन सांगतो. १६ ची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात, प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून दुकानदार एकच स्टिक टेकवतात आणि 'दुसरी नंतर लावा' म्हणतात. ती नंतर सहसा लागत नाही. आणि पीसी घरी आला की बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सोय) चालू आहे का बघावं, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वरच पळत राहते आणि कुणाला पत्ता नसतो.

कॅबिनेटला पुढं अखंड काच असेल तर मी सरळ नको म्हणतो. शब-ए-माळव्याचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक खरं आहे, पण पोरं खेळतात मे महिन्यातल्या दुपारी, दार लावून. पुढं जाळी हवी आणि जाळीमागं निघणारा फिल्टर. स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं आलं, मात्र कॅबिनेटमधली धूळ उचलायला नगर निगमची गाडी येत नाही.

एका प्रकारचं कोटेशन मात्र मी वाचतसुद्धा नाही. 'आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स, आरजीबी, फुल सेट' आणि किंमत ऐकून आईबाप खूश. तो आय७ बरेचदा ३७७० निघतो, २०१२ सालचा. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ४ जीबीचं कार्ड म्हणजे बहुतेक जीटी ७३०, २०१४ चं. मेमरी चार काय, आठ असती तरी त्याच्या पायात बळ नाही. मोठी टाकी आणि त्याला अर्ध्या इंचाची तोटी. यात खोटं एक अक्षर नसतं, पिढी तेवढी लिहिलेली नसते.

पोरगा जाताना कोटेशनवर पेन्सिलीनं रिकाम्या जागा भरून गेला: बोर्ड बी५५०, स्टिक दोन, कॅबिनेट जाळीचा. मॉनिटरसाठी जानेवारीपर्यंत थांबायचं, असं वहिनींशी तिथंच ठरलं. परवा रात्री त्याचा दुकानातून फोटो आला, जरा हललेला. एसएमपीएसचं लेबल, अधिक १२ व्होल्टच्या खाली ४५. सोबत एकच शब्द: "घेऊ?"