तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस मुळात चांगला की वाईट?

हा प्रश्न मला हमखास दोन ठिकाणी विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत आणि हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला. इतिहासाचा मास्तर होतो ना, त्यामुळे लोकांना वाटतं याच्याकडे माणसाचा सातबारा असणारच. "सर, तुम्ही एवढं वाचलं, एकदाचं सांगून टाका, माणूस मुळात चांगला का वाईट?" विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच बहिणाबाईंची एखादी ओळ म्हणून मोकळा होतो, सगळे माना डोलवतात, कुणीतरी कळण्याची भाकरी पुढे सरकवतं आणि विषय कपाशीच्या भावावर जातो. माझं उत्तर राहूनच जातं.

तर माझं उत्तर असं आहे की मुळाशी काय आहे ते खणत बसून हाती फार काही लागत नाही. 'नाही' म्हणायची वेळ आली तेव्हा त्या माणसाच्या शेजारी कोण उभं होतं, आणि त्या शेजाऱ्याने काय केलं, हे बघा. मला तरी त्यातून जास्त कळलंय.

१३ जुलै १९४२, दुसरं महायुद्ध चालू होतं, पोलंडमधलं युझेफुव नावाचं गाव. तिथे हॅम्बुर्गहून आलेली जर्मन राखीव पोलिसांची १०१ नंबरची बटालियन होती, जवळपास ५०० माणसं, कुणी गोदीत काम करणारे, कुणी ट्रक चालवणारे, बरेचसे चाळिशीकडे झुकलेले, घरी बायकापोरं असलेले. म्हणजे आपल्या एस.टी.त शेजारी बसतील अशीच माणसं हो. त्यांचा मेजर ट्रॅप सकाळी सकाळी रडवेला होऊन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला की गावातल्या कामाच्या लायक ज्यू पुरुषांना बाजूला काढायचं आणि बाकीच्यांना, म्हणजे बाया, पोरं, म्हातारे, गोळ्या घालायच्या, वरून हुकूम आहे. आणि मग म्हणाला, तुमच्यातल्या वयस्कांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं, कारण आपण धरूनच चाललेलो असतो की बिचाऱ्यांना दुसरा मार्गच नव्हता. मार्ग होता, साहेबाने स्वतः दाखवला होता.

एकजण पुढे आला. त्याचा कॅप्टन लगेच त्याच्या अंगावर खेकसायला लागला. ट्रॅपने कॅप्टनला गप्प केलं आणि त्या माणसाला पाठीशी घातलं, आणि मग आणखी दहा-बारा जण पुढे आले. बस, एवढेच. काही जण नंतर गोळ्या घालता घालता टळले, लपले, पण बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे १५०० माणसं मारली. जे बाजूला झाले त्यांना ना तुरुंग झाला ना गोळी, त्यांना दुसरी कामं दिली गेली. मी मुलांना विचारायचो, ट्रॅपने कॅप्टनला अडवलं नसतं तर ते दहा-बारा तरी आले असते का? आणि उलट, पहिल्याच मिनिटाला एकाऐवजी पन्नास आले असते तर?

१९६१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात मिलग्राम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हुकूम आला की माणूस कुठवर ऐकतो यावरच प्रयोग केला, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला चुकीच्या उत्तराला विजेचा शॉक द्यायचा, दर वेळी जास्त (शॉक खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं). ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हे सगळ्यांना माहीत असतं, व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार मात्र कुणी सांगत नाही. त्यात शेजारी आणखी दोघे बसवले होते, आधीच पढवलेले, आणि ते मध्येच उठले, आम्ही नाही करणार म्हणाले. तर ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. तशीच माणसं, तसाच हुकूम. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि माणसांना असं फसवणं मलाही पटत नाही, पण २६ आणि ४ हे आकडे डोक्यातून जात नाहीत.

आपल्याकडे हे सगळं द्यूतसभेत आलेलंच आहे. भीष्म धर्म सूक्ष्म असतो म्हणून सुटले, आणि पुढे युद्धाच्या तोंडावर त्यांनी युधिष्ठिराला खरं कारण सांगितलं, माणूस अर्थाचा, म्हणजे पैशाचा, दास असतो, कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवलंय. एवढं सरळ तर आजचा पुढारीही बोलत नाही. पण त्या सभेत विकर्ण उभा राहिला होता, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ, आणि म्हणाला द्रौपदी जिंकली गेलेली नाही. महाभारतात लिहिलंय की हे ऐकून सभेत मोठा गलबला झाला, लोकांनी विकर्णाची स्तुती केली, शकुनीला नावं ठेवली. मग कर्ण त्याच्यावर ओरडला. त्यानंतर विकर्णाच्या बाजूने उठून उभं कुणी राहिलं? एक विदुर तेवढे बोलले, विकर्णाने उत्तर दिलं तसं तुम्हीही द्या म्हणाले, बाकी कुणी नाही. वाहवा करायला सगळी सभा होती, विदुरांच्या मागून उठायला एकही माणूस नव्हता. विकर्ण खाली बसला, युद्धात कौरवांकडूनच लढला, भीमाच्या हातून मेला, आणि भीमालाच त्याचं वाईट वाटलं.

आणि साने गुरुजी. आमच्या अमळनेरची माणसं त्यांच्याबद्दल बोलताना हळवी होतात, पण ते कामाला किती पक्के होते हे सांगत नाहीत. प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी सोडून ते १९३० च्या सत्याग्रहात गेले, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत बसले. स्वभाव म्हणाल तर डोळ्यांत चटकन पाणी येणारा. पण पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडावं म्हणून १ मे १९४७ ला ते उपोषणाला बसले तेव्हा त्याआधी महिनोन्महिने महाराष्ट्रभर फिरलेले होते, सभा घेत, गावोगावची देवळं उघडायला लावत. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडा म्हणून कळवलं तरी ऐकलं नाही, आणि दहा-अकरा दिवसांत मंदिराचं दार उघडायचं ठरलं. लोक त्या उपोषणाला हृदयपरिवर्तन म्हणतात. मला त्या दौऱ्याचं जास्त कौतुक आहे, कारण ते एकटे बसले नव्हते, बसायच्या आधी त्यांनी हजारो शेजारी गोळा केले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग एकटाच उभा राहणारा कुणी नसतोच का? असतो, आणि तिथे माझं उत्तर थोडं लंगडं पडतं. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला की विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का. चार न्यायमूर्ती म्हणाले नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना म्हणाले येते, आणि सरन्यायाधीशपद जाणार हे समजून म्हणाले. जानेवारी १९७७ मध्ये ते त्यांच्या ज्युनियरला दिलं गेलं, खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूडही होते, विद्वान, सभ्य माणूस, त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल मोडीत काढला तेव्हा तसं लिहिणाऱ्यांत त्यांचा मुलगा होता. मी ओढूनताणून म्हणू शकतो की खन्नांच्या पाठीशी आधीच नऊ हायकोर्टांचे निकाल होते. पण ते निकाल त्या चौघांच्याही टेबलावर होतेच की. तेव्हा खन्नांचं कोडं मला सुटलेलं नाही, राहू द्या.

युयुत्सू मात्र माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. धृतराष्ट्राचाच मुलगा, वैश्य आईचा. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिराने दोन सैन्यांच्या मध्ये उभं राहून हाक दिली, ज्याला आमच्याकडे यायचंय त्याने यावं, आणि हा एकटा चालत पलीकडे गेला. हाक दिली म्हणून गेला, हे मी मुद्दाम सांगतो. युद्धातून जिवंत राहिला, आणि शेवटी पांडव निघाले तेव्हा परीक्षिताचं राज्य सांभाळायला त्यालाच ठेवून गेले.

हे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगत होतो, तो आता पंचायत समितीच्या राजकारणात आहे. तो हसून म्हणाला, "म्हणजे सर, त्याने पक्षांतरच केलं की." मी म्हटलं केलं ना भो, पण कौरवांची ११ अक्षौहिणी सेना सोडून पांडवांच्या ७ कडे गेला. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आमच्याकडे हा आकडा उलटा चालतो, सर."