आयर्लंडचा उंच खांब

क्लायंट सांगलीकडचे. दुधाचा धंदा तीन पिढ्यांचा, आता चीज आणि व्हे पावडरचा प्लँट टाकायचा होता आणि त्यासाठी परदेशी भागीदार हवा होता. त्यांनी स्वतःच दोन देश काढून ठेवले होते, आयर्लंड आणि डेन्मार्क. मला म्हणाले, "मॅडम, दूध-लोणी दोन्हीकडं आहे. बाहेर जाऊन पैसा लावायची सवय कुणाला जास्त, एवढंच बघून सांगा."

प्रश्न सरळ वाटला. आउटवर्ड एफडीआयचे, म्हणजे देशातून बाहेर जाणाऱ्या थेट गुंतवणुकीचे आकडे काढायचे, शेजारी शेजारी मांडायचे, दोन पानं लिहायची. दोन्ही देश लहान, माणसं पन्नास-साठ लाख, म्हणजे साधारण आपलं पुणे-पिंपरी. तुलनेला याहून चांगली जोडी कुठली?

दुपारी बारापर्यंत अंक्टाडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या शीटवरून चार्ट तयार झाला. परदेशातल्या थेट गुंतवणुकीचा साठा पाहिला तर आयर्लंडचा खांब हजार अब्ज डॉलर ओलांडून गेलेला आणि डेन्मार्कचा त्याच्या पाव भागाच्या आसपास. मी शीर्षकही टाकून मोकळी झाले, 'आयरिश भांडवल अधिक धाडसी'. सरांनी उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाले, "छान, चारला पाठवून टाक."

जेवण झाल्यावर आमचा ट्रेनी परिशिष्टासाठी मोठ्या आयरिश कंपन्यांची यादी करत बसला होता. ॲक्सेंचर, मेडट्रॉनिक, ईटन... तिथं थांबला. "मॅडम, ईटन आयरिश आहे? माझी बहीण इथं पुण्यात ईटनमध्येच आहे. तिचे रात्रीचे सगळे कॉल अमेरिकेत ओहायोशी असतात. आयर्लंडचं नावसुद्धा कधी ऐकलं नाही तिच्या तोंडून."

माझ्या पोटात खड्डाच पडला. हे मला माहीत असायला हवं होतं. खरं तर माहीत होतंही, पण खांब इतका देखणा दिसत होता की आठवलंच नाही.

ईटननं 2012 मध्ये कूपर इंडस्ट्रीज विकत घेतली आणि त्या व्यवहारात नोंदणी आयर्लंडला नेली. मेडट्रॉनिकनं 2015 मध्ये कोविडियन घेऊन तेच केलं; कारभार मात्र मिनियापोलिसहूनच चालतो. ॲक्सेंचर 2009 मध्ये बर्म्युडाहून डब्लिनला आली. पत्ता बदलला त्या दिवसापासून या कंपन्यांच्या जगभरच्या उपकंपन्या आयर्लंडची बाहेरची गुंतवणूक म्हणून मोजल्या जाऊ लागल्या. भागधारक बहुतेक अमेरिकन, पण सुटे सुटे. एकाकडे दहा टक्के मतहक्क असल्याशिवाय ती थेट गुंतवणूक धरत नाहीत, म्हणून अमेरिकेकडून आत आलेला पैसा पोर्टफोलिओच्या, म्हणजे नुसत्या शेअर-रोख्यांच्या रकान्यात जातो आणि बाहेर जाणारा तेवढा एफडीआय म्हणून झळकतो. कुण्या आयरिश माणसानं खिशातून दमडी काढलेली नसते.

मग वर्षागणिक प्रवाहाचा, म्हणजे त्या त्या वर्षी बाहेर गेलेल्या पैशाचा रकाना उघडला. काही वर्षी तिथं चक्क उणे चिन्ह होतं. देश बाहेर उणे गुंतवणूक कशी करेल? उपकंपन्यांनी मूळ कंपनीचं कर्ज फेडलं, कंपन्यांनी अंतर्गत फेरमांडणी केली, की आकडा उलटा फिरतो. एवढी उलथापालथ मूठभर कंपन्यांच्या ताळेबंदातून होते. याच तऱ्हेच्या हलवाहलवीमुळे 2015 साली आयर्लंडचा जीडीपी 26 टक्के वाढल्याचं जाहीर झालं होतं, आणि मग त्यांना स्वतःची खरी कमाई मोजायला वेगळं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढावं लागलं. आपल्या घरचा हिशेब कळावा म्हणून वेगळी वही घालणारा देश, आणि मी त्याची जुनी वही घेऊन बसले होते!

डेन्मार्कचा खांब बुटका, पण जवळ जाऊन हात लावता येईल असा. आपल्याकडेच बघा. न्हावाशेव्याला मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल आहे, औरंगाबादला कार्ल्सबर्गची ब्रुअरी आहे. फार मागे गेलं तर कोपनहेगनच्या एफ. एल. स्मिथ या सिमेंट यंत्रांच्या कंपनीनं पाठवलेले दोन इंजिनिअर मुंबईत आले आणि त्यांनी 1938 मध्ये लार्सन अँड टुब्रो सुरू केली. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कार्ल्सबर्ग, नोव्हो नॉर्डिस्क, मर्स्क, या सगळ्यांच्या मतहक्कांची किल्ली फाउंडेशनांच्या हातात आहे. बाहेरच्या कुणी येऊन कंपनी विकत घ्यावी आणि पत्ता उचलून न्यावा, ही सोयच ठेवलेली नाही. डेन्मार्कच्या आकड्यांतही नुसता येऊन पुढे जाणारा पैसा असतोच, पण त्यांची मध्यवर्ती बँक तो वेगळा काढून दाखवते. मी तो काढला, तरी खांब फारसा खचला नाही.

साडेतीनला सरांकडे गेले आणि चार्ट परत घेतला. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. हे बोलण्यापेक्षा वाईट.

संध्याकाळी क्लायंटना फोनवर सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे बोर्ड एका गावात, दुकान दुसऱ्या गावात. त्यात काय, आमच्याकडं पण करतात." मी म्हटलं, म्हणून डेन्मार्कच धरू या, आर्ला ही तिकडच्या, स्वीडनच्या आणि जर्मनी-ब्रिटनसारख्या आणखी काही देशांतल्या दूधवाल्या शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था आहे. आणि सांगून टाकलं की आयर्लंडचं सगळंच पोकळ आहे असं नाही. केरी ग्रुप म्हणून एक आहेत, 1972 साली लिस्टोवेलला दुधाच्या प्लँटपासून सुरुवात केली, पुढे सहकारी संस्था झाली आणि आता जगभर खाद्यपदार्थांचे घटक विकतात. ते मात्र खरोखर आयरिश दुधातून वर आलेले.

पलीकडे जरा शांतता.

"सहकारी? दुधाची? मॅडम, तो उंच खांब काढून टाका. आर्लाचं लिहाच. पण हे केरीवाले राहतात कुठं?"

"ट्रॅलीला."

"स्पेलिंग पाठवा."